वीस पावलं

शिकारीच्या गोष्टी आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेल्या असतात. त्यांत एक शिकारी असतो, एक जनावर असते आणि शेवटी बंदुकीचा बार असतो. माझ्या गोष्टीत बार नाही; बाणही सुटत नाही. तरीही, वाचकहो, ही शिकारीच्याच तयारीची गोष्ट आहे. ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो, कारण आमच्या घरात गेली कित्येक वर्षे ‘शिकार’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारीत नाही.

आमचे गाव सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या अलीकडे. गावामागे टेकडी आणि टेकडीमागे साग-तेंदूचे जंगल. १९७० साली त्या जंगलाचे अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. आम्ही गोंड. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. आमच्या घराच्या आढ्याला एक कमठा खोचलेला आहे. कमठा म्हणजे बांबूचे धनुष्य. त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. तो माझ्या आज्याचा. सणाला घर सारवताना आई त्याच्याकडे न पाहता त्याच्याखालून जाते आणि बाबा दरवर्षी म्हणतात, ‘एक दिवस चुलीतच घालतो त्याले.’

बाबांच्या रागाला कारण आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. जंगलातली जनावरे सरत चालली होती, तेव्हा तो यायलाच हवा होता, हे आज आजाही कबूल करतो. पण सवय कायद्याइतक्या लवकर बदलत नाही. बाबा सातवीत असताना आज्याला शिकारीच्या प्रकरणात धरले. तारखांच्या फेऱ्या सुरू झाल्या, बैल विकावा लागला आणि बाबांची शाळा सुटली ती सुटलीच. मी बी.ए.ला नाव घातले त्या दिवशी बाबांनी माझ्या खिशाला एक बटणाचे पेन लावले आणि आढ्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ते गेलं. आता हे.’

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात सांगितले की, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरे नोंदवता येतात. वाघ हल्ली कॅमेऱ्यांनी मोजतात. तेव्हा ही रात्र मोजणीपेक्षा अनुभवासाठीच. पण त्या अनुभवासाठीही नाव नोंदवावे लागते. मी नोंदवले आणि घरी सांगितले. बाबा जेवता जेवता उठले. ‘जंगलातून बाहेर निघावं म्हणून तुले शिकवलं, अन् तू तिकडंच चाल्ला?’

आजा तीन दिवस काही बोलला नाही. चौथ्या दिवशी अंगणात बाजेवर बसल्या बसल्या म्हणाला, ‘मेळघाट ना? मंग तयारी करा लागन.’

तेव्हा मला प्रथमच कळले की, आज्याची पहिली शिकार मेळघाटातलीच. १९६५ च्या सुमाराची गोष्ट. वय सतरा, बरोबर मामा आणि पुढे सांबर. सांबर हे आपल्याकडचे सर्वांत मोठे हरीण. पूर्ण वाढलेला नर अडीच-तीनशे किलोपर्यंत भरतो. आजा म्हणाला, ‘बंदूकवाला शंभर पावलांवरून मारते. कमठेवाल्याले वीस पावलांवर जा लागते. वीस पावलं म्हंजे त्याचा श्वास ऐकू येते. कमठ्याची शिकार म्हंजे मारनं नाई रे, जवळ जानं.’

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. पहिला धडा पायांचा. वर्धा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरही उंच नाही. मेळघाटातले वैराट सुमारे ११७८ मीटर आहे. नावच मेळघाट, म्हणजे घाटांचा मेळ! आमच्या सपाट मुलखातल्या पायांना चढ ठाऊक नसतो. म्हणून रोज पहाटे पाठीवर दहा किलो तूर बांधून गावामागची टेकडी चढायची. पहिल्या आठवड्यात मी वर जाऊन आडवा झालो. आज्याचे म्हणणे, चढून दम लागला तर चढलास कशाला? धापा टाकणाऱ्या माणसाची जागा जनावराला फर्लांगावरून कळते. चढताना बोलता आले पाहिजे, एवढ्याच चालीने चढायचे. उतरताना टाच नव्हे, पावलाची बाहेरची कड आधी टेकायची. पानाखाली काटकी लागली तर पाऊल तसेच उचलायचे.

दुसरा धडा कमठ्याचा. बाबा वावरात गेले की आजा तो खाली काढायला सांगे. पंधरा दिवस बाण नाहीच. नुसती दोरी ओढायची, शंभर आकडे मनात मोजेपर्यंत धरायची आणि तशीच हळूहळू परत आणायची. रिकामी दोरी सोडायची नाही, धनुष्य फुटते. माझे हात तिसाव्या आकड्यालाच थरथरत. बोटांना घट्टे पडले. वर्गात एकाने ते पाहून विचारले, ‘काय रे, ओजस देवतळे व्हायचंय का?’ नागपूरच्या ओजसने २०२३ साली बर्लिनला कंपाउंड धनुष्याच्या अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण घेऊन जगज्जेतेपद मिळवले, हे आम्हां सर्वांनाच ठाऊक. मी हसून वेळ मारून नेली. घरच्या कमठ्याचे नाव कॉलेजात काढायला माझी जीभ रेटली नाही.

पुढे टेकडीच्या उतारावरून खाली ठेवलेल्या गवताच्या भाऱ्यावर बाण मारायला मिळाले. बाण भाऱ्याच्या वरून जाऊ लागले. आजा म्हणाला, ‘उतारावर बाण वर जाते. डोळ्याले दिसते तेवढं अंतर धरू नको. भारा आपल्याच पातळीवर असता तर किती दूर असता, तेवढं धर.’ मी हे एका शास्त्र शाखेच्या मित्राला सांगितले. त्याने वहीवर त्रिकोण काढला आणि म्हणाला, ‘बरोबर आहे की! गुरुत्वाकर्षणाने बाण किती पडेल ते साधारण आडव्या अंतरावरच ठरतं.’ आज्याने त्रिकोण कधी काढला नव्हता.

तिसरा धडा वाऱ्याचा, आणि तो सर्वांत अवघड. आज्याने चुलीतली चाळलेली राख एका कापडी पुरचुंडीत बांधून दिली. चिमूटभर सोडायची आणि ती कुठे जाते ते पाहायचे. सांबराची नजर स्थिर माणसावर सहसा ठरत नाही. पण नाक आणि कान चुकत नाहीत. ‘दिवसा ऊन तापलं का डोंगरात वारा वर चढते. दिवस बुडाला का तोच वारा खाली उतरते. म्हनून सकाळी वरून जा, रातच्याले खालून बस.’ हे ऐकून मी दचकलोच. परीक्षेसाठी मी पाठ करीत होतो ते दरीवारे आणि पर्वतवारे हेच होते! दोन गुणांचा प्रश्न. मी पुस्तक आणून त्याला आकृती दाखवली. आज्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, ‘हे लिवनाऱ्यानं कोन्या डोंगरात शिकार केली?’

ग्रंथालयात शोधताना मला आणखी एक गंमत सापडली. अमेरिकेतील रॉकी पर्वतात एल्क नावाचे सांबराहूनही थोराड हरीण असते. तिथे परवाना काढून, ठरलेल्या मोसमात, धनुष्यबाणाने त्याची शिकार आजही होते. तिथले शिकारीही महिनोन्‌महिने पाठीवर वजन घेऊन डोंगर चढतात, भुकटी उडवून वारा पाहतात आणि जवळ जाण्यासाठी जिवाचे रान करतात. आज्याला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हंजे आमी येडे नव्हतो.’

मे महिना आला. परतवाड्याहून सेमाडोहच्या रस्त्याने आम्ही गेलो. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. मचाणापर्यंत तासाभराची चढउतार होती. बरोबर एक कोरकू वनमजूर दादा होते. अर्ध्या वाटेत ते थांबून माझ्या पायांकडे पाहत म्हणाले, ‘कॉलेजचा मुलगा वाजत नाही!’ एवढी मोठी शाबासकी मला आजवर कोणत्याही परीक्षेत मिळालेली नाही.

पुरचुंडीतली राख पाण्याकडून आमच्याकडे येत होती. सगळे जुळून आले होते. भेकर आले, रानडुकरे आली. चंद्र डोक्यावरून ढळला. पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी बांबूच्या सावलीतून एक सावली वेगळी झाली. नर सांबर. दोन्ही शिंगांना तीन-तीन टोके. तो एक पाऊल टाकी आणि थांबे. पाण्याशी आला तेव्हा मी अंतर मोजले. वीस पावलं. त्याच्या नाकपुड्यांचा आवाज मला खरोखरच ऐकू येत होता. दोन महिने थरथरणारे माझे हात त्या क्षणी दगडासारखे स्थिर होते.

आणि मग मला नोंद आठवली. मी खिशातले पेन काढून बटण दाबले. टक्!

सांबराने पाय आपटला, ‘ढांक’ करून ओरडला आणि सारी दरी जागी करून निघून गेला. दादांनी कपाळाला हात लावला. मी तक्त्यात लिहिले: सांबर, नर, एक.

घरी आल्यावर आज्याने किती जनावरे दिसली ते विचारलेच नाही. ‘वारा कोठून होता?’ एवढेच विचारले. मी सगळे सांगितले. पेनाचे ऐकून तो ठसका लागेपर्यंत हसला. ‘पाहून तर घ्याचं आधी! लिवाची एवढी घाई काऊन?’

बाबा दारात पाठमोरे बसून ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी न वळताच विचारले, ‘किती जवळ आलं होतं?’

‘वीस पावलं.’

‘मले नेतो म्हने हा,’ ते आज्याकडे मान हलवून म्हणाले, ‘सातवीची परीक्षा झाली का. मी बी टेकडी चढत होतो.’

आज्याचे हसू थांबले. कोणीच काही बोलले नाही. इतकी वर्षे बाबा कमठ्यावर चिडतात ते केवळ बैलासाठी आणि शाळेसाठी, असे मी समजत होतो. त्यांची तयारीही अर्धीच राहिली होती, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आले नव्हते.

शिकारीचा काळ गेला आणि तो गेला हे बरेच झाले. आढ्यावरचा कमठा पुन्हा कोणा जनावरावर रोखला जाणार नाही. पण जवळ जाण्याची विद्या त्याच्याबरोबर चुलीत घालायची की नाही, हे आता माझ्यावर आहे. यंदाच्या बुद्धपौर्णिमेसाठी मी दोन नावे नोंदवणार आहे. बाबांना विचारले तेव्हा ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यांनी एक वस्तू आणून माझ्या पुस्तकांवर ठेवली.

‘हे घे,’ ते म्हणाले, ‘शिसपेन्सिल. वाजत नाई.’