ओळ संपल्यावर

लालबागच्या आमच्या खोलीत एकच गिटार आहे, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. हवाईयन. अब्बांनी व्हॅन शिप्ले आणि हझारा सिंग यांच्या रेकॉर्ड्स ऐकून ऐकून ती हातात बसवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे घरातलं बरंच काही विकलं गेलं, गिटार राहिली. जिला गाणंबजावणं फारसं पटत नसे, त्या अम्मीनंच ती विकू दिली नाही.

आता अब्बांचा डावा हात थरथरतो, म्हणून मला शिकवायला घेतलंय. पूर्ण गाणं नाही. ते गातात, मी ओळींमधली जागा भरायची. तीन सूर, ग रे सा. स्टीलची कांडी फ्रेटच्या बरोबर वर हवी. जरा मागे राहिली की सूर उतरतो. कांडीमागची बोटं तारांवर टेकलेली, नाहीतर खरखर. आणि गाणाऱ्यानं पुढचा शब्द उचलायच्या आत थांबायचं. हे थांबणंच कठीण.

अमेरिकेतल्या पेडल स्टीलला पायाखाली पेडलं असतात. दाबली की कांडी न हलवता तारेचा सूर बदलतो. अब्बांना व्हिडिओ दाखवला. "पायानं? म्हणजे शिलाई मशीनच की," म्हणाले. पण तीनदा बघितला.

काल ते दुसऱ्या ओळीवर अडले. शब्द आठवेना. मी ग रे सा वाजवलं, परत वाजवलं. तिसऱ्या वेळी त्यांना शब्द सापडला. आतून अम्मी म्हणाली, "चहा ठेवते."