पंचवीस पौंडांचा हिशेब

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गांत भूगोलाचा तास चालला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, आपण विलायतेस शिकावयास होतां, तेव्हां कांहीं मौजहि केली कीं नुसता अभ्यासच केला?" वर्ग हंसला. आम्हीं "अभ्यासच केला" असें उत्तर दिलें व फळ्याकडे वळलों. तें उत्तर खरें नव्हतें. मौजेचे दोन दिवस होते, व त्यांचा हिशेब आजवर आम्हीं कोणासहि पुरता दिलेला नाहीं.

सन २००६-०७ ह्या वर्षीं शिक्षणशास्त्राच्या अभ्यासाकरितां आम्ही स्कॉटलंडांत एडिंबरो येथें होतों. शिष्यवृत्ति मिळाली होती, परंतु ती फी व खोलीभाडें ह्यांतच सरून जाई. कोणतीहि वस्तु घेण्यापूर्वीं तिच्या किंमतीस ऐंशीनें गुणावयाचें, अशी आम्हांस खोडच जडली होती. पावाची लादी हातीं घ्यावी, तों तिच्यांत अहमदनगरच्या बाजारांतली चार दिवसांची भाजी दिसूं लागे. अशा गुणाकारानें मनुष्य उपाशी मरत नाहीं. मात्र त्याची जीभ व त्याचे डोळे हे दोन्ही हळूहळू मिटत जातात.

मे महिन्यांत पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनीं मातोश्रींचें पाकीट आणून दिलें. मातोश्री दवाखान्यांत परिचारिका होत्या, निवृत्तिवेतन बेताचेंच. पाकिटांत पंचवीस पौंडांच्या नोटा होत्या, म्हणजे त्या वेळचे सुमारें दोन हजार रुपये, व सोबत चिठी: "बाळ, हे पैसे पुस्तकांला लावायचे नाहींत. तिकडचे लोक खातात तें खा, समुद्र बघ, आणि पै न् पैचा हिशेब लिहून पाठव." मातोश्रींनीं समुद्र जन्मांत एकदांच पाहिला होता, मुंबईस चौपाटीवर, आणि तोहि दिवेलागणीनंतर, त्यामुळें त्यांनीं तो पाहिला म्हणण्यापेक्षां ऐकला म्हणणेंच योग्य.

शनिवारीं सकाळीं आम्ही वेव्हर्ली स्टेशनावरून नॉर्थ बेरिकची गाडी धरली. अर्ध्यापाऊण तासाचा प्रवास. गांव लहान, समुद्रकांठचें; पाठीमागें बेरिक लॉ नांवाची शंकूसारखी टेकडी, १८७ मीटर उंच. तिच्या माथ्यावर व्हेल माशाच्या जबड्याच्या हाडांची कमान शतकानुशतकें उभी असे. परंतु खरीं हाडें कुजल्यामुळें २००५ सालीं काढून नेलीं होतीं, व त्यांची कृत्रिम नक्कल २००८ सालीं बसली. आम्ही नेमके मधल्या वर्षीं गेलों. दम लागेपर्यंत चढून माथ्यावर पाहतों तों जबडा नाहीं! तथापि तेथून समुद्र मात्र पुरता दिसला.

त्या समुद्रांत बास रॉक नांवाचा एक प्रचंड काळा खडक उभा आहे, परंतु लांबून तो बर्फाच्छादित असल्यासारखा पांढरा दिसतो. नांवेंत बसून जवळ गेलों, तेव्हां उलगडा झाला: तें बर्फ नसून गॅनेट नांवाचे पक्षी व त्यांची विष्ठा होती. ह्या पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांत ह्याच खडकाचें नांव गोंवलेलें आहे. पंखांचा विस्तार सहा फूट. उंचावरून पंख मिटून तो भाल्यासारखा पाण्यांत शिरतो, आणि शेंकडों पक्षी एकदम शिरूं लागले म्हणजे पाणी उकळत असल्याचा भास होतो. वास इतका उग्र होता कीं शेजारच्या बाईंनीं नाकास रुमाल लावला. आम्हीं लावला नाहीं, कारण नांवेचे सात पौंड दिले होते व वासहि त्यांतच आला. सन २०१४ च्या गणतींत तेथें सुमारें पाऊण लाख जोड्या भरल्या होत्या. पुढें २०२२ सालीं पक्ष्यांच्या सांथीनें त्यांचा मोठा संहार झाला, हें वाचून आम्हांस घरचें कोणी गेल्यासारखें वाटलें.

दुपारीं बंदराच्या भिंतीवर बसून तळलेला मासा व बटाट्याच्या फोडी खाल्ल्या. कागदांतून वाफ निघत होती आणि समुद्रपक्षी आमच्या तोंडाकडे पाहत होते. त्या घांसास आम्हीं ऐंशीनें गुणलें नाहीं. आइस्क्रीमकरितां अडीच पौंड निराळे ठेवले होते; परंतु वारा असा बोंचरा सुटला कीं तें उद्यांवर टाकलें.

आणि येथेंच आम्ही चुकलों. संध्याकाळीं एडिंबरोस परततांना वेस्ट पोर्टच्या रस्त्यावरील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत डोकावलों. लहान मुलांस वाचन कसें शिकवावें ह्या विषयावरचें एक जुनें पुस्तक, किंमत बरोबर अडीच पौंड! मातोश्रींची चिठी खिशांतच होती. पुस्तक घेतलें.

रविवारीं दुपारीं फोर्थ नदीच्या मुखावरचा रेल्वेपूल पाहावयास डाल्मेनीस गेलों. सन १८७९ च्या डिसेंबरांत टे नदीवरचा पूल वादळांत आगगाडीसह कोसळला होता. त्या धसक्यानें हा पूल असा भक्कम बांधला कीं ४ मार्च १८९० रोजीं उघडलेला तो आजहि गाड्या वाहतो. त्याच्या रचनेचें तत्त्व लोकांस समजावें म्हणून १८८७ सालीं बेंजामिन बेकर ह्यांनीं दोन माणसें खुर्च्यांवर हात पसरून बसविलीं व त्यांच्या आधारानें मध्यें तिसरा अधांतरीं बसविला. तो तिसरा म्हणजे काइची वातानाबे, ग्लासगोस शिकलेला जपानी तरुण. पुलाखालीं उभें राहून आम्हीं त्याचेंच चिंतन केलें. एवढ्या लांब येऊन, दोघांच्या आधारावर अधांतरीं बसलेला विद्यार्थी! त्यालाहि घरीं हिशेब पाठवावा लागत असेल काय? मग एका दुकानांत चहा घेतला, व साय आणि मुरंबा घातलेला गोल पाव खाल्ला.

त्या रात्रीं हिशेब लिहिला: शनिवारची गाडी ४·८०, मासा ४·२०, नांव ७·००, रविवारची गाडी ३·२०, चहा-पाव ३·३०. राहिले २·५०. बराच वेळ लेखणी थांबली. शेवटीं लिहिलें: "आइस्क्रीम २·५०." बेरीज बरोबर पंचवीस आली.

घरीं परतल्यावर मातोश्रींनीं पहिल्याच दिवशीं विचारलें, "एवढ्या थंडींत आइस्क्रीम गोड लागलें कां रे?" आम्ही "लागलें" म्हणालों. मग कसें होतें, कोणत्या रंगाचें होतें, हेंहि सांगावें लागलें. पुढें कित्येक वर्षें शेजारणींस त्या मोठ्या अभिमानानें सांगत, कीं आमच्या मुलानें थंडगार समुद्राकांठीं बसून आइस्क्रीम खाल्लें. पक्ष्यांविषयीं किंवा पुलाविषयीं त्यांनीं कोणास कधीं सांगितलेलें आम्हांस आठवत नाहीं.

मातोश्री २०१६ सालीं वारल्या. त्यांच्या पेटींत रेशनकार्डाच्या घडींत तो हिशेबाचा कागद सांपडला. आइस्क्रीमच्या ओळीखालीं त्यांनीं तांबड्या पेन्सिलीनें रेघ ओढली होती. तें पुस्तक आमच्या कपाटांत आहे. पहिलीच्या वर्गाकरितां आमच्या येथील बाई तें अधूनमधून नेतात. पहिल्या पानावर दुकानदारानें शिसपेन्सिलीनें लिहिलेली किंमत अद्याप पुसलेली नाहीं.