दांतांची साक्ष

जनावराचें वय दांतांवरून ओळखण्याची विद्या आपल्याकडे ग्रंथांत जन्मली नाहीं. ती बाजारांत वाढली. बीड जिल्ह्यांतील नेकनूर किंवा हिरापूर येथील जनावरांच्या बाजारांत घटकाभर उभें राहिलें, म्हणजे शेतकरी बैलाच्या शिंगांकडे व वशिंडाकडे कौतुकानें पाहतो, परंतु पैशांची गोष्ट काढण्यापूर्वीं त्याचा ओठ उलटून पाहतो, हें ध्यानांत येतें. खालच्या जबड्यांत पुढें आठ दांत असतात. वरच्या जबड्यांत त्यांच्यासमोर दांत नसून नुसती एक चिवट गादी असते. आठही दांत दुधाचे असतील तर तें जनावर ‘आदत’. मधली जोडी पडून तिच्या जागीं रुंद व पक्की जोडी आली कीं ‘दोन दाती’. मग चार दाती, सहा दाती, आणि ओळ पुरी झाली म्हणजे तो बैल ‘जुळला’. सुमारें दोन वर्षांच्या वयापासून चार-पांच वर्षांपर्यंत हा हिशेब चालतो. पुढें दांत नवे येत नाहींत, केवळ झिजतात; आणि तेथून विकणाऱ्यानें सांगितलेलें वय एक व घेणाऱ्यानें ताडलेलें वय दुसरें होऊं लागतें. ‘धर्माची गाय आणि दांत कां नाय’ ही म्हण ज्या समाजांत रूढ झाली, त्यास दांतांची किंमत निराळी सांगावयास नको.

रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या मुखाची रचना बहुतेक एकसारखीच असल्यामुळें हीच परीक्षा हरणासहि लागू पडते. आमच्या भागांत हरीण म्हटलें म्हणजे काळवीट किंवा चिंकारा समजावयाचा. प्राणिशास्त्रज्ञ यांस चितळ-सांबरांपासून वेगळे काढतात. कारण चितळाचीं शिंगें दरवर्षीं गळून पुन्हां उगवतात, काळविटाचीं आजन्म टिकतात. लोकांत अशी एक समजूत आहे कीं, काळविटाच्या शिंगाचे पीळ मोजले म्हणजे त्याचीं वर्षें कळतात. नर वाढत असतां पीळ वाढतात हें खरें. पण पीळ म्हणजे वर्ष नव्हे, आणि मादीस तर बहुधा शिंगेंच नसतात. चितळाच्या शिंगांच्या फांद्याहि वय सांगत नाहींत. शेवटीं सर्वांस दांतांकडेच यावें लागतें.

दोन-तीन वर्षांपूर्वीं हिवाळ्यांत नगद नारायण महाराजांच्या स्थानाचें दर्शन घेऊन आम्ही नारायणगड उतरत होतों. वारकरी मंडळी ज्यास धाकटी पंढरी म्हणतात, तोच हा बीड तालुक्यांतील गड. पायथ्याच्या एका शेतांत माणसें जमलेलीं दिसलीं. कठडा नसलेल्या विहिरींत रात्रीं काळविटाची मादी पडून मेली होती. वनरक्षक, दोन पंच आणि पशुवैद्य असे पंचनामा करीत होते. ‘वय’ असा रकाना आला तेव्हां पशुवैद्यांनीं तिचें तोंड उघडून पुढचे दांत पाहिले, बॅटरी धरून आंतल्या दाढा पाहिल्या व म्हणाले, “पांच ते सात वर्षें.” लिहिणारानें क्षणभर विचार केला आणि लिहिलें, “६ वर्षें.” कोणासहि यांत वावगें वाटलें नाहीं. रकाना लहान होता, आणि पांच व सात यांच्यामध्यें सहा असतात. आम्हांस मात्र त्या दोन उत्तरांतील अंतर पुढें पुष्कळ दिवस विचार करावयास लावीत राहिलें.

दांत दोन प्रकारांनीं बोलतात: उगवून आणि झिजून. उगवण्याचें वेळापत्रक बव्हंशीं ठरलेलें असतें. पाडसाच्या खालच्या जबड्यांतील, पुढून मोजल्यास तिसरी दाढ तीन भागांची दिसते, ती दुधाची. ती पडून तिच्या जागीं दोन भागांची पक्की दाढ येते. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील सेव्हरिंगहाऊस यांनीं १९४९ सालीं पांढऱ्या शेपटीच्या हरणांसंबंधीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावरून तेथील हरणांत हा बदल दीड वर्षाच्या सुमारास होतो. एवढ्या वयापर्यंत दांतांची साक्ष सहसा खोटी ठरत नाहीं.

पुढें झीज सुरू होते. दाढेचें वरचें कवच शुभ्र व अतिशय कठीण असतें. तें झिजलें म्हणजे आंतील तपकिरी भाग उघडा पडतो. पांढऱ्या धारा उंच व मधली तपकिरी रेघ अरुंद असेल तर प्राणी तरुण; रेघ धारेपेक्षां रुंद झाली तर उतरता; आणि दाढ जात्याच्या गुळगुळीत पाळीसारखी सपाट झाली तर म्हातारा. वाचावयास हें सोपें आहे. परंतु ज्यांचें वय आधींच ठाऊक होतें अशा हरणांच्या जबड्यांवर पुढें ही परीक्षा घेतली गेली, तेव्हां लहान वयाचीं उत्तरें बहुधा बरोबर आलीं, आणि प्रौढ हरणांच्या बाबतींत जाणते परीक्षकहि वारंवार चुकले. स्कॉटलंडजवळच्या रम बेटावर पाडसांस जन्मतःच खुणा करून ठेवल्या होत्या. त्या तांबड्या हरणांच्या दांतांवर लो यांनीं १९६७ सालीं लिहिलें, तें याच गरजेपोटीं. याहून सूक्ष्म अशीहि एक रीत आहे. दांताच्या मुळावर दरसाल एक कठीण थर चढतो; मुळाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीं झाडाच्या वलयांप्रमाणें ते थर मोजतां येतात. पण जेथें हिवाळा कडक असतो तेथेंच हीं वलयें स्पष्ट उमटतात. आपल्या उष्ण देशांत तीं पुष्कळदा अंधुक असतात.

झीज अशी दगा कां देते? ती वर्षांनीं होत नाहीं, चावण्यानें होते, हें त्याचें कारण. काळवीट मुख्यतः गवत खातें, आणि गवताच्या पात्यांत वाळूच्याच जातीचे कण असतात; चिंकारा पाला व शेंगा अधिक खातो. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर चांगल्या पावसाच्या सालीं गवत गुडघाभर असतें, तेव्हां हरीण त्याचे शेंडे खुडतें. १९७२ किंवा २०१२-१३ सारख्या दुष्काळाच्या सालीं तेंच गवत मुळाशीं उरतें आणि प्रत्येक घांसाबरोबर माती पोटांत जाणें साहजिक होतें. म्हणजे एकाच दिवशीं जन्मलेल्या दोन हरणांपैकीं खडकाळ रानांतील हरणाची दाढ काळ्या जमिनीच्या कडेस राहणाऱ्या हरणाच्या दाढेपेक्षां म्हातारी दिसूं शकते. दाढेवर पंचांग लिहिलेलें नसतें. प्राण्यानें काय खाल्लें व काय सोसलें, हें लिहिलेलें असतें.

कोणी म्हणेल, मेलेल्या हरणाचें वय सहा काय नि सात काय, बिघडतें कोठें? बिघडतें असें आम्हांस वाटतें. अलास्कांत अडॉल्फ म्यूरी यांनीं रानमेंढ्यांच्या ६०८ कवट्या गोळा करून शिंगांच्या वलयांवरून त्यांचीं वयें ठरविलीं व १९४४ सालीं प्रसिद्ध केलीं. लांडग्यांस बळी पडतात तीं बहुधा अगदीं लहान किंवा अगदीं जुनीं जनावरें, असें त्यावरून दिसून आलें. जॉर्ज शालर यांनीं १९६३ ते १९६५ या काळांत कान्हाच्या जंगलांत वाघानें मारलेल्या हरणांचे जबडे याच दृष्टीनें तपासले. लांडगा निवड करतो. विहीर व मोटाररस्ता निवड करीत नाहींत. विहिरींत पडून मरणारीं हरणें जर ऐन उमेदीचीं असतील, तर कळपाचा मुद्दलाचाच तोटा होत आहे व विहिरींस कठडे बांधणें अगत्याचें आहे. तीं जर म्हातारीं असतील तर चिंतेचें कारण कमी. हा निर्णय ज्या कागदांवरून व्हावयाचा, ते पंचनाम्याचेच कागद. त्यांत ‘६’ एवढाच आंकडा असेल, तर पुढच्या अभ्यासकास तो तपासतां येत नाहीं. ‘सर्व दांत पक्के; दाढा मध्यम झिजलेल्या; वय ५ ते ७’ अशी ओळ असेल, तर दहा वर्षांनींहि तिचा उपयोग होईल. पहिला आंकडा नेमका दिसतो. दुसरी ओळ खरी आहे.

माणसाच्या वयाची गोष्टहि याहून फार निराळी नाहीं. आमच्या पिढींत खेड्यांत जन्मलेल्या कित्येकांची शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्यें उघडत, आणि मूल सहा वर्षांचें झालेलें दाखविण्यास मास्तरांस ती सोयीची पडे. इंग्लंडांत १८३३ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस बंदी झाली, तेव्हां वयाचा दाखला कोठून आणावा हा प्रश्न पडला. १८३७ सालीं सॉन्डर्स नांवाच्या दंतवैद्यानें हजारांहून अधिक मुलांचे दांत तपासून, दांत हीच वयाची कसोटी मानावी असें पार्लमेंटापुढें मांडलें. त्या वयांत ही कसोटी बऱ्याच अंशीं टिकते. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ती टिकत नाहीं. अक्कलदाढ कोणास सतराव्या वर्षीं येते, कोणास पंचविसाव्या, तर कोणास येतच नाहीं. आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानें आधीं शाळेचा दाखला, मग जन्मनोंदीचा, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम घातला आहे तो यासाठींच. पण आमच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. उसाच्या फडावरच्या कोपींत जन्मलेल्या मुलीची नोंद राहून गेली, तर तिच्या लग्नाच्या वेळीं ती अठरा वर्षांची आहे कीं पंधरा, हें कोणी कशावरून सांगावें? अंदाजाची पट्टी रुंद असते. कायद्याची रेघ बारीक असते. पट्टीच्या मधोमध एक आंकडा लिहून टाकला म्हणजे रेघ सांपडली असें होत नाहीं, आणि त्या आंकड्यावर एका मुलीचें सारें आयुष्य तोललें जाऊं शकतें. म्हणून जन्माच्या दिवशीं केलेली एक नोंद पुढच्या दहा तपासण्यांपेक्षां मोलाची.

हरणास अशी नोंद नाहीं. त्यास दांतच आहेत, आणि तेहि पुरते संपेपर्यंत. दाढा सपाट झाल्या कीं पुढ्यांत चारा असूनहि तो दळला जात नाहीं. चणे आहेत तर दांत नाहींत, ही आपली म्हण त्यास अक्षरशः लागू पडते.

डोंगरांतून जातांना असा एखादा जबडा पडलेला दिसला तर वाचकांनीं तो उचलून घरीं आणूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट व चिंकारा यांस पहिल्या अनुसूचींत घातलें असून त्यांचीं हाडें व शिंगें परवानगीवांचून जवळ बाळगणें हा गुन्हा आहे. तो होता तेथें राहूं द्यावा आणि वनखात्यास कळवावें. परंतु वांकून पाहण्यास कोणाची मनाई नाहीं. पुढून तिसरी दाढ दोन भागांची कीं तीन, धारा उंच कीं सपाट, एवढें पाहून ठेवावें. आणि कोणीं वय विचारलें तर जें पाहिलें तें आधीं सांगावें, आंकडा मागाहून.