उत्तर बरोबर, पण मशीन म्हणतं चूक!



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. मुलांना घरी सराव व्हावा म्हणून वर्गाच्या संकेतस्थळावर छोटे स्वाध्याय टाकते. त्यासाठी वर्डप्रेसवर चालणारं एक मोफत प्लगिन वापरते. प्लगिन म्हणजे काय, तर मिक्सरला जसं वेगळं भांडं बसवतो, तसा मूळ साधनाला जोडलेला जादा भाग. प्रश्न आणि उत्तर आपण भरून ठेवायचं. मूल मोबाईलवर उत्तर लिहितं आणि मशीन लगेच बरोबर की चूक ते सांगतं.

एकदा गुणाकाराचा स्वाध्याय दिला होता. एका पिशवीत ६ पेरू, तर ८ पिशव्यांत किती? दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत दिसलं, ४८ लिहून रबराने खोडलेलं आणि त्यावर ५४. पाढे तोंडपाठ असलेली मुलगी! मी विचारलं, "अगं, बरोबर होतं ना, खोडलंस का?" ती हळूच म्हणाली, "बाई, मोबाईल तीनदा चूक म्हणाला."

मला धस्स झालं. घरी येऊन तपासलं तेव्हा घोळ कळला. उत्तर भरताना मी इंग्रजी अंक वापरले होते. तिने मराठी कीबोर्डवरून देवनागरीत ४८ लिहिलं. आपल्याला दोन्ही अठ्ठेचाळीसच. पण युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. देवनागरी ४ चा क्रमांक वेगळा, इंग्रजी चारचा वेगळा. मशीन क्रमांक जुळवून बघतं. जुळला नाही की लाल फुली!

मी लगेच प्लगिन बनवणाऱ्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, "तुमचं प्लगिन आम्हा शिक्षकांना अवघड जातं, कृपया सोपं करा." दोन दिवसांनी नम्र उत्तर आलं. "नक्की कुठे अडतं? तुम्ही काय केलंत आणि काय दिसलं, ते सांगाल का?"

वाचून आधी राग आला, मग हसू आलं. वर्गात एखादं मूल म्हणतं, "बाई, मला काहीच समजलं नाही." तेव्हा मी काय विचारते? "कुठपर्यंत समजलं ते सांग." डी.एड.ला सराव पाठ घेताना हेच तर शिकलो होतो, अडचणीची नेमकी जागा शोधा. आणि इथे मीच "काहीच समजलं नाही" म्हणणारं मूल झाले होते!

मग बसून दुसरं पत्र लिहिलं. त्यात तीन मागण्या केल्या.

१) देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक सारखेच धरावेत. अंक दहाच आहेत, दहा जोड्यांचा तक्ता पुरेसा आहे.

२) सारखी दिसणारी अक्षरं सारखीच मोजावीत. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्य दोन पद्धतींनी टाईप होतो. 'ॲप'मधला ॲ काही जण एकच अक्षर म्हणून टाईप करतात, तर काही जण अ वर चंद्र देऊन. हे एकत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुनी सवय अजून आहे. पडद्यावर फरक दिसत नाही, म्हणून मुलाला आपलं काय चुकलं हे कधीच कळत नाही.

३) उत्तर जुळलं नाही तर थेट लाल फुली नको. "पुन्हा एकदा बघ" असं लिहायची सोय शिक्षकाला द्यावी.

सोबत पडद्याचे दोन फोटो जोडले आणि वहीतली ती खोडाखोडही थोडक्यात सांगितली.

काही आठवड्यांनी नवीन आवृत्ती आली. अंकांची सोय झाली होती. संदेश बदलायचीही झाली. अक्षरांचं काम अजून बाकी आहे. तोवर मी अशा शब्दांची दोन्ही रूपं बरोबर उत्तर म्हणून भरून ठेवते.

मित्रांनो, आपण पटकन म्हणतो, "मला कॉम्प्युटर जमत नाही." पण प्रत्येक वेळी दोष आपलाच असतो असं नाही. साधन बनवणाऱ्याला आपला वर्ग दिसत नाही, तो आपणच दाखवायला हवा. लिहिताना चार गोष्टी सांगा: मी काय करत होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि त्याने मुलाचं काय अडलं. मोफत काम करणारा माणूसही अशा पत्राकडे लक्ष देतो, कारण त्याला शोधत बसावं लागत नाही.

आणि पालकहो, मोबाईल 'चूक' म्हणाला तर आधी मुलाची वही बघा.

त्या मुलीला मी वर्गासमोर सांगितलं, "तुझं बरोबर होतं, चूक मशीनची आणि माझी." तिने ५४ खोडलं आणि पुन्हा ४८ लिहिलं. या वेळी पेनाने!