तेव्हा भाकरी लँकेशायरात होती

क्रिकेट खेळून पोट भरतं असं आमच्या लहानपणी पनवेलजवळच्या शिरढोणात कुणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. गावाचा अभिमान म्हणजे क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं घर, आणि पोराची हुशारी ठरायची ती नोकरी लागली की नाही यावर. भातकापणीनंतर मोकळी झालेली शेतं, टेनिसचा चेंडू आणि सीमारेषेला बांध, एवढाच आमचा खेळ. पण खेळून कमावणारी माणसं तेव्हाही होती. फक्त त्यासाठी त्यांना विलायत गाठावी लागे. रेडिओवरच्या समालोचनात चहापानाची सुट्टी झाली की जाणती मंडळी त्यांच्या गोष्टी काढायची.

सांगलीत जन्मलेले विजय हजारे, कोल्हापूरचे दत्तू फडकर, मुंबईचे सुभाष गुप्ते, जामनगरहून येऊन मुंबईचे झालेले विनू मंकड. कसोटीत नाव कमावलेली ही माणसं उन्हाळाभर लँकेशायरच्या गिरणगावांत खेळायची. घरी कसोटी खेळून संसार चालत नव्हता. संस्थानाची नाहीतर कंपनीची नोकरी, हाच काय तो आधार. लँकेशायर लीगची रीत मजेशीर होती. प्रत्येक क्लबात पगारी खेळाडू एकच, त्याला ‘प्रो’ म्हणत. उरलेले दहाजण आठवडाभर आपापलं काम करून शनिवारी मैदानात उतरणारे गावकरी. धावा प्रोने करायच्या, बळी त्यानेच घ्यायचे आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना शिकवायचंही त्यानेच. त्याचं अर्धशतक झालं की प्रेक्षकांत डबा फिरायचा आणि जमलेली चिल्लर त्याच्या खिशात जायची. हरला तर बाजारात दुसऱ्या दिवशी जाब विचारणारेही तेच लोक!

या पगारापायी मंकडांची मोठी कोंडी झाली. 1952 साली भारतीय संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा त्यांच्या हाती हॅसलिंग्डन क्लबचा करार होता. संघातली जागा पक्की असल्याचा शब्द द्या, मी करार सोडतो, असं त्यांचं म्हणणं. क्रिकेट मंडळाने शब्द दिला नाही. पुढे लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार गडी एकही धाव न होता बाद झाले आणि मंडळाला मंकड आठवले. हॅसलिंग्डनने त्यांना मोकळं केलं. लॉर्ड्‌सवर त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या, पहिल्या डावात पाच बळीही घेतले. भारत हरला, पण ती कसोटी आजही मंकडांच्या नावाने ओळखली जाते. पोटासाठी गेलेला माणूस देशासाठी धावून आला, असं आमच्याकडचे म्हातारे सांगायचे. देशाने त्याच्या पोटाचा विचार का केला नव्हता, हे मात्र कुणी विचारत नसे.

पुढे विलायतेचा अर्थ बदलत गेला. 1992 मध्ये एकोणीस वर्षांचा सचिन यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू झाला, तो मानाचा भाग होता. 2006 मध्ये भारतीय संघाबाहेर पडलेला श्रीरामपूरचा झहीर खान वूस्टरशायरला गेला. पहिल्याच सामन्यात त्याने दहा बळी घेतले, मोसमात 78, आणि त्याच जोरावर तो पुन्हा भारताकडून खेळू लागला. भाकरीसाठीची वारी आता शिकवणी झाली होती.

2018 मध्ये सांगलीचीच स्मृती मानधना वेस्टर्न स्टॉर्मकडून इंग्लंडची लीग खेळायला गेली आणि 421 धावा करून स्पर्धेत अव्वल ठरली. हजारे गेले त्याच देशात, त्याच गावची मुलगी. पण तिची भाकरी तिथे अडकली नव्हती. 2023 च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात तिच्यावर 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. त्याच लिलावात लँकेशायरकडून खेळणारी सोफी एक्लस्टन 1 कोटी 80 लाखांना गेली, आणि नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, खेळायला आली. वाट तीच राहिली, दिशा तेवढी उलटली. याच मैदानावर 2 नोव्हेंबर 2025 रोजी आपल्या मुलींनी विश्वचषक उंचावला.

आमच्या तालुक्यातही लीग पोचल्या. गावोगावच्या टेनिस क्रिकेटमध्ये आता संघमालक आहेत, लिलाव आहेत, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आहे. आमच्या वेळी पाहुण्या खेळाडूला कुणाच्या तरी घरचं जेवण मिळायचं. आज तो पैसे ठरवून येतो, आणि चांगला खेळला तर मालिकावीराची दुचाकी घेऊन जातो. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. कसब विकून जगणं हजाऱ्यांना कमीपणाचं वाटलं नाही, तर पनवेल-उरणच्या पोरांना का वाटावं? ‘पूर्वी खेळ शुद्ध होता’ म्हणणाऱ्यांनी मंकडांची कोंडी आठवावी. आजचा काळ खेळाडूसाठी निःसंशय बरा आहे.

जुन्यातली एकच गोष्ट उचलण्याजोगी आहे. लँकेशायरचा प्रो पगार घ्यायचा तसा संध्याकाळी गावच्या पोरांना शिकवायचाही. आपल्याकडचा पाहुणा मात्र बक्षीस समारंभ आटोपला की निघतो. म्हणून तालुक्यातल्या आयोजकांना एकच विनंती: पुढच्या मोसमात करार करताना आणखी एक अट घाला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दोन तास गावातल्या मुलांसाठी, आणि मुलींसाठीही.