गोदाकांठची सहल आणि पाण्याचा विवेक

बीड जिल्ह्याचें नांव काढिलें म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तापलेले माळ, आटलेल्या विहिरी आणि ऊसतोडणीस निघालेले तांडे उभे राहतात. हें चित्र खोटें नाहीं. पण तें अपुरें मात्र आहे. बालाघाटाचे डोंगर मागें टाकून उत्तरेकडे गेलें, कीं गेवराई व माजलगांव या तालुक्यांच्या कडेनें गोदावरी वाहते आणि तिच्या कांठीं राक्षसभुवन, पांचाळेश्वर, पुरुषोत्तमपुरी, मंजरथ अशीं क्षेत्रें लागतात. शिवाय धरणांनीं या कोरड्या मुलखांत मोठमोठे जलाशय निर्माण केले आहेत. ज्या जिल्ह्यांत घागरभर पाण्यासाठीं बायकांनीं मैलोगणती चालावें, त्याच जिल्ह्यांत पाण्यांत बुडून माणसें मरावीं, हा योग प्रथमदर्शनीं विलक्षण वाटतो. परंतु विचार केला असतां त्यांत विलक्षण असें कांहीं नाहीं. जेथें पाणी दुर्मिळ, तेथें पाण्याची ओळखही दुर्मिळ. आणि ओळख नसलेल्याशीं सलगी केली, तर ती महागांत पडावयाचीच.

गोदाकांठच्या सहलीस राक्षसभुवनापासून आरंभ करावा हें बरें. धुळें-सोलापूर महामार्गानें गेवराईस यावें आणि तेथून नदीकडे वळावें. शनीचें हें प्रसिद्ध स्थान. पण इतिहासाच्या वाचकांस तें आठवतें तें १० ऑगस्ट १७६३ या दिवसाकरितां. निजामाचें कांहीं सैन्य गोदावरी उतरून उत्तर तीरास पोहोंचलें होतें, आणि दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर होता. माधवराव पेशवे व राघोबादादा यांनीं नेमकी हीच संधि साधली. नदी पुरानें भरलेली असल्यामुळें पलीकडचा निजाम आपल्या दिवाणास साह्य करूं शकला नाहीं, आणि विठ्ठल सुंदर रणांत पडला. या लढाईंत मराठ्यांचा पराक्रम होताच, पण श्रावणांतली गोदावरीही त्यांच्या बाजूनें उभी होती. तोफा व हत्ती बाळगणाऱ्या फौजेस जिनें अडवून धरिलें, ती नदी चार उतारूंच्या होडीस काय लेखणार, हा विचार त्या घाटावर उभें राहून प्रत्येकानें एकदां करावा.

राक्षसभुवनाच्या जवळच पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथांत हें आत्मतीर्थ म्हणून पूज्य मानिलें जातें. पुढें माजलगांव तालुक्यांत पुरुषोत्तमपुरी लागते. येथें सांपडलेल्या १३१० सालच्या ताम्रपटावरून रामचंद्रदेव यादवानें पुरुषोत्तम नांवाच्या आपल्या अधिकाऱ्यास दिलेल्या अग्रहाराची माहिती मिळते. पुरुषोत्तमाचें मंदिर असल्यामुळें अधिक मासांत येथें दर्शनास व स्नानास अपार गर्दी लोटते. २०२३ सालीं अधिक श्रावण होता, म्हणजे ऐन पावसाळा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, म्हणजे सुटीच्या दिवसांत. लेकी-जांवयांसह सबंध घराणीं अशा वेळीं नदीवर येतात, आणि अनारशांचे डबे मोजून घेणारी गृहिणीही घाटावर मुलें मोजावयास विसरते.

गोदावरीच्या पात्राकडे काठावरून पाहिलें तर तें पसरट व उथळ भासतें, आणि तेथेंच फसगत होते. या भागांतून वर्षानुवर्षें वाळू उपसली जाते. तिचे खड्डे पाण्याखालीं दडून राहतात. घोट्याएवढ्या पाण्यांतून चालणारें मूल पुढल्याच पावलीं दोन पुरुष पाण्यांत जातें. खड्ड्याच्या कडेची वाळू पायाखालून ढांसळत असल्यामुळें त्यास वर चढतां येत नाहीं. २०२२ च्या फेब्रुवारींत गेवराई तालुक्यांत सिंदफणेच्या पात्रांतील अशाच खड्ड्यांत चार मुलें बुडालीं. तो पावसाळा नव्हता, पूर नव्हता, वादळ नव्हतें. म्हणून ‘उन्हाळ्यांत नदीला पाणी तें किती असणार?’ हें वाक्य वडील माणसांनीं मुलांदेखत तरी उच्चारूं नये.

मंजरथ येथें सिंदफणा गोदावरीस मिळते. संगमाचें दृश्य रमणीय खरें. परंतु दोन प्रवाह मिळतात तेथें पाणी एका दिशेनें वाहत नाहीं, भोंवरे पडतात, आणि तळ दरवर्षीं बदलतो. गेल्या वर्षीं जेथें मांडीभर पाणी होतें, तेथें यंदाही तितकेंच असेल असा हिशेब नदीशीं मांडतां येत नाहीं. धार्मिक वृत्तीच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं घाटाच्या पायरीवर बसून तांब्यानें घेतलेल्या स्नानाचें पुण्य मध्यधारेंतल्या बुडीपेक्षां रतिभरही उणें नाहीं.

सिंदफणेवरच माजलगांवचें धरण आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यांतील हें धरण १९८७ सालीं पुरें झालें. बांध सुमारें साडेसहा किलोमीटर लांब व एकतीस मीटर उंच आहे. सायंकाळीं त्यावर उभें राहिलें असतां समोर सागरच पसरला आहे असें वाटतें, आणि तरुण मंडळींस त्यांत उतरण्याचा मोह होतो. याच जलाशयांत २०२२ च्या सप्टेंबरांत पोहावयास उतरलेले एक गृहस्थ बुडाले; आणि त्यांचा शोध घेण्यास कोल्हापुराहून आलेल्या पथकांतील एक शिकलेला, सरावलेला जवानही प्राणांस मुकला. ज्यानें पाण्यांतून माणसें काढण्याचें व्रत घेतलें होतें, त्यासही या पाण्यानें परत दिलें नाहीं. ‘मला पोहतां येतें’ असें म्हणणाऱ्यानें हें आठवावें.

येथें पोहण्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आमच्याकडे पोहणें शिकविलें जाई तें विहिरींत. कमरेस दोर, पाठीस वाळलेला भोंपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका, आणि काठावर काका किंवा मामा. ही विद्या उत्तम; पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. विहिरीस चोहों बाजूंस कांठ असतो. दहा हात मारले कीं पायरी हातीं लागते. जलाशयांत कांठ दृष्टीस जवळ दिसतो आणि हातास दूर लागतो. विहिरींत वारा नसतो. धरणावर तो तोंडावर लाटा मारतो. उन्हाळ्यांत वरचें पाणी कोंबट लागलें, तरी थोडें खालीं तें एकाएकीं थंड होतें व पोहणाऱ्याचा दम तोडतें. तळाशीं काळ्या मातीचा चिखल पाय धरून ठेवतो. बुडालेल्या गांवांच्या भिंती, जुन्या बाभळी आणि मच्छीमारांचीं जाळीं पाण्यांत असतात तीं निराळींच. तेव्हां विहिरींतला पट्टीचा पोहणारा धरणांत नवशिकाच समजावा.

आतां होडीकडे वळूं. मराठवाड्यांत मच्छीमार व शेतकरी पाणी ओलांडण्यास ‘चप्पू’ वापरतात. थर्मोकोलचे तुकडे दोरीनें व लांकडांनीं बांधले, कीं झाला चप्पू. कोठें गुळाची काहीलही नावेचें काम करते. रोजच्या सरावानें हीं माणसें त्यांवरून निभावून जातात. परंतु त्यांच्या पोटाच्या साधनांस आपण करमणुकीचें साधन करूं नये. त्यावर कठडा नाहीं, तोल नाहीं, आणि शहरी मनुष्य चित्र काढून घेण्यासाठीं उभा राहिला कीं तो कलंडलाच म्हणून समजावें.

होड्यांच्या अपघातांचा आमच्या महाराष्ट्रास पुरेसा अनुभव आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तो दिवस आषाढी अमावास्येचा होता आणि कितीएक उतारू सणासाठीं घरीं निघाले होते. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीवर दशक्रियेसाठीं जमलेल्या आप्तमंडळींची नाव उलटली व अकरा जीव गेले. २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांवहून कळाशीकडे जाणारी नाव वळवाच्या वादळांत सांपडली. सातांपैकीं सहा जण बुडाले, एक जण पोहत कांठास लागला. एक समुद्र, एक नदी, एक धरण. पण तिन्ही ठिकाणीं नाव पाण्यानें भरून वा कलंडून क्षणांत गेली, आणि माणसांच्या अंगावर तरंगविणारें जाकीट असतें, तर कितीएकांस वेळ मिळाला असता.

यांतील वर्धेची हकीकत एकत्र कुटुंबांनीं विशेष ध्यानांत धरावी. आपल्याकडे सगळ्यांनीं मिळून जाण्यांत आनंद असतो. आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सारीं एका नावेंत बसतात, आणि नावाडी ‘बसा, अजून दोघे बसा’ म्हणतो तेव्हां कोणास मागें ठेवणें कठोरपणाचें वाटतें. पण एका होडीत सारें घर बसवूं नये, हा नियमच करून टाकावा. दोन खेपा कराव्या. निम्मीं मंडळी कांठावर राहावीं. त्यानें भाडें वाढतें, तासभर वेळ जातो, याहून अधिक कांहीं होत नाहीं. उलट कांठावर राहिलेलीं माणसें संकटसमयीं मदतीस उपयोगी पडतात.

बाकीचे नियमही अवघड नाहींत. जाकीट होडींत ठेवलेलें नव्हे, अंगांत घालून बकलें लावलेलें असावें. मुलांचें मुलांच्या मापाचें, नाहीं तर मूल त्यांतून खालीं निसटतें. होडींत बसून राहावें. सर्वांनीं एका बाजूस धांवूं नये. वैशाखांत दुपारनंतर क्षितिजावर ढग जमलेले दिसले, तर नावाडी कितीही आग्रह करो, पाण्यावर जाऊं नये. होडी उलटलीच तर पोहून कांठ गांठण्याच्या नादीं न लागतां उलटलेल्या होडीसच धरून राहावें. धरणाच्या खालच्या अंगास पात्र कोरडें दिसलें, तरी तेथें बिछाईत पसरूं नये. वर दारें उघडलीं, कीं पाणी निरोप धाडून येत नाहीं. पुलावरून पाणी वाहत असतां मोटार घालूं नये. दोन फूट वाहतें पाणी मोटारीसही उचलून नेतें.

बुडणारा मनुष्य ओरडतो, हात हलवितो, ही समजूत नाटकांतली आहे. खरोखर बुडणाऱ्यास श्वास घेण्यासच फुरसत नसते, मग हांक कोठून मारणार? त्याचें तोंड पाण्याबरोबर खालीवर होतें, मान मागें पडते, आणि मिनिटाभराच्या आंत तो दिसेनासा होतो. म्हणून मुलें पाण्याजवळ असतील, तेव्हां एका वडील माणसानें हातांतली सुपारी, वर्तमानपत्र व टेलिफोन बाजूस ठेवून फक्त त्यांच्याकडेच पाहावें. ‘सगळे आहेत ना लक्ष ठेवायला’ याचा अर्थ कोणीच नाहीं असाच होतो. कोणी बुडतांना दिसला तर त्याच्यामागें उडी टाकूं नये. घाबरलेला मनुष्य तारणाऱ्यास घट्ट मिठी मारतो आणि दोघेही जातात. बांबू, दोर, धोतर, लुगडें, जें हाताशीं असेल तें त्याच्याकडे फेंकावें. तोंड घट्ट लावलेला तेलाचा रिकामा डबा दोरीस बांधून सहलीच्या सामानांत ठेवला, तर त्याहून स्वस्त जीवरक्षक नाहीं.

पाण्यांतून काढलेल्यास उलटें टांगणें, गरगर फिरविणें, पोट दाबून पाणी काढणें, हे उपचार आतां टाकले पाहिजेत. त्यांत मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर त्यास उताणें निजवावें, हनुवटी वर करून, नाक चिमटींत धरून तोंडानें पांच श्वास द्यावे. मग छातीच्या मध्यावर तळहातांनीं जोरानें, मिनिटास शंभर ते एकशें वीस या गतीनें, तीस वेळां दाबावें व दोन श्वास द्यावे, आणि मदत येईपर्यंत हा क्रम सोडूं नये. दुसऱ्यानें तोंवर १०८ किंवा ११२ या क्रमांकास कळवावें. मनुष्य शुद्धीवर आला तरी त्यास रुग्णालयांत न्यावेंच. फुप्फुसांत गेलेलें पाणी कांहीं तासांनींही त्रास देतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२१ सालीं जगांत सुमारें तीन लक्ष माणसें बुडून मेलीं, आणि त्यांतलीं जवळजवळ एक चतुर्थांश पांच वर्षांखालचीं मुलें होतीं. त्याच वर्षीं संयुक्त राष्ट्रांनीं २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठीं नेमून दिला. मुलांस शाळेच्या वयांत पोहणें व पाण्यांतील सावधगिरी शिकविणें हा त्या संघटनेनें सांगितलेल्या उपायांपैकीं एक आहे. आमच्या घरांतून हा उपाय झाला तरी मुलग्यांपुरताच होतो. मुली व सुना यांस पाणी शिकविण्याचें आम्हांस सुचत नाहीं. आणि घाटावर पोराच्या मागें प्रथम धांवते ती आईच, तीही ओलें होऊन पायांत गुरफटणारें लुगडें नेसून! मुलीस सतार व विणकाम शिकविणाऱ्या सुशिक्षित घरानें तिला पोहावयास शिकविण्यांत संकोच कां धरावा?

अवर्षणाचा जिल्हा म्हणून बीडकडे पाहणाऱ्यांनीं तेथील नद्याही पाहाव्या, अगत्यानें पाहाव्या. २०२५ च्या सप्टेंबरांत याच जिल्ह्यांत महापूर आला, आणि जेथें वर्षानुवर्षें टँकरची वाट पाहिली जात होती तेथें लोकांस पाण्यांतून उचलून आणावें लागलें. पाणी नसतां त्याची किंमत कळते. असतां त्याची शक्ति कळली पाहिजे. गोदावरीस आपण आई म्हणतों तें योग्यच आहे, पण आईच्याही रागाचे दिवस घरच्या मुलांस ठाऊक असावे लागतात. येत्या सुटींत गोदाकांठीं जाणाऱ्या मंडळींनीं फराळाचे डबे भरतांना दोर, रिकामा डबा आणि मापाचीं जाकिटें आधीं मोजून घ्यावीं. आणि निघतांना जितकीं माणसें मोजलीं, तितकींच परततांना मोजून गाडींत बसवावीं.