जानकी कुंडावरचे दगड

सतना स्टेशनाबाहेर जीपवाले ‘चित्रकूट, चित्रकूट’ असा पुकारा करत असतात. आदल्या दुपारी कसाऱ्याचा घाट चढताना खिडकीबाहेर आपला काळा बसाल्ट होता, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. इथे तो पार मागे पडलेला. आता सगळा चुनखडक आणि वालुकाश्म, आणि त्या चुनखडकावर चालणारे सिमेंटचे कारखाने. विंध्याचे हे थर उथळ समुद्राच्या तळाशी साचले तेव्हा सह्याद्रीचा मागमूसही नव्हता.

जीपमध्ये शेजारी साताऱ्याचं एक जोडपं होतं, कामदगिरीच्या परिक्रमेला निघालेलं.

“तुम्हीपण परिक्रमेलाच ना?” काकूंनी विचारलं.

“नाही काकू, दगड बघायला.”

“अहो, मग साताऱ्यात काय दगड कमी आहेत?” काका म्हणाले.

“आहेत की. पण कोवळे आहेत.”

काका हसले, पण चित्रकूट येईपर्यंत अधूनमधून माझ्याकडे जरा काळजीनेच बघत होते.

मंदाकिनीच्या काठी रामघाटावर गर्दी असते. तिथून नदीच्या वरच्या अंगाला जानकी कुंड लागतं. वनवासात सीता इथे स्नान करत असे, अशी श्रद्धा आहे. पायऱ्या उतरून पाण्याशी गेलं की झाडांची सावली, माकडं, आणि पायाखाली राखाडी चुनखडक. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे काठाचा खडक बराच उघडा पडतो. मी गुडघ्यावर बसून एका सपाट, झिजलेल्या तुकड्यावर पाणी शिंपडलं. ओला होताच त्यावर रेघा उमटल्या. कांदा आडवा कापावा तशी एकात एक वर्तुळं. कडेच्या उभ्या कापात त्याच रेघा घुमटासारख्या वर फुगलेल्या.

हे स्ट्रोमॅटोलाइट. नीलहरित जीवाणूंचा चिकट थर समुद्रतळावर पसरतो, त्यावर गाळ बसतो, जीवाणू उजेडासाठी गाळातून वर सरकतात, पुन्हा गाळ बसतो. असं थरावर थर चढून घुमट तयार होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात असे थर ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या मानाने चित्रकूटचे बरेच अलीकडचे. पण इथल्या थरांत फॉस्फेट आहे, आणि फॉस्फेटने जे टिकवलं ते फार थोड्या ठिकाणी टिकलं आहे: पेशी, त्यांच्या मूळ आकारासह.

अशा जीवाश्मांवरूनच मोठा वाद पेटला. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतले रफत अझमी यांनी १९९८ साली विंध्याच्या खडकात कवचधारी सूक्ष्म प्राण्यांसारखे जीवाश्म सापडल्याचं जाहीर केलं. असे प्राणी जगात इतरत्र ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दिसतात. म्हणजे हे थरही तेवढेच जुने, असा त्यांचा हिशेब. बाकीचा पुरावा थर त्याहून कितीतरी जुने असल्याचं सांगत होता. मग जीवाश्मांवरच संशय घेतला गेला.

निवाडा शिशाने केला. झिरकॉनचा स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियम ठराविक गतीने क्षय पावून शिसं होत जातं, तेव्हा दोघांचं प्रमाण मोजलं की वय कळतं. उल्कापाषाणातल्या शिशावरूनच क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. तो आकडा आजही फारसा हललेला नाही. सोन नदीच्या खोऱ्यात विंध्याच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे आहेत. त्यांतल्या झिरकॉननी २००२ साली वय सांगितलं: सुमारे १६३ कोटी वर्षं. मग स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी चित्रकूटचं फॉस्फेट तपासलं. २००९ साली उत्तर आलं: १६५ कोटी, नऊ कोटी इकडे-तिकडे. जीवाश्म अस्सल होते, पण प्राण्यांचे नव्हते.

मग कशाचे? दगड न फोडता प्रखर क्ष-किरणांनी आतली त्रिमितीय चित्रं घेतली गेली. पेशींच्या साखळ्या दिसल्या आणि पेशींच्या आत हरितलवकाचे भाग वाटावेत अशा चकत्या. २०१७ साली बेंग्टसन यांच्या गटाने त्यांना १६० कोटी वर्षांपूर्वीची तांबडी शैवालं ठरवलं. त्याआधीची सर्वांत जुनी तांबडी शैवालं १२० कोटी वर्षांची मानली जात होती. चित्रकूटच्या एका शैवालाचं नाव ठेवलं रफतअझ्मिया चित्रकूटेन्सिस.

ज्यांच्या जीवाश्मांवर संशय घेतला गेला त्यांचंच नाव! अझमींच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं होतं, त्यावरून काढलेलं वय चुकीचं होतं. टीकाकारांना वय बरोबर कळलं होतं, पण त्यांतल्या काहींनी त्यापायी जीवाश्मच नाकारले. पृथ्वीच्या इतिहासात जीव आणि दगड एकमेकांचे साक्षीदार आहेत, आणि साक्षी जुळत नाहीत तेव्हा एकाला लगेच खोटं ठरवायचं नसतं, एवढं चित्रकूटने पक्कं शिकवलं.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा टाळा, हे खडक पाण्याखाली जातात. हातोडी घरीच ठेवा. आणि जानकी कुंडानंतर गुप्त गोदावरी चुकवू नका: तिथे याच विंध्याच्या चुनखडकाच्या पोटातून, वाहत्या पाण्यात पाय बुडवून चालता येतं.